गुन्ह्यानंतर सोबतीला जाणाऱ्यांसाठी: गोव्यातली वाट, कागद आणि मुदती

मारहाण असो, विनयभंग असो, चोरी असो की फोनवरून झालेली फसवणूक, वाड्यावरचा माणूस बहुधा आधी ओळखीच्या कुणाला तरी विचारतो. गावच्या पंचाला, महिला मंडळाच्या ताईला, शाळेतल्या बाईंना, नात्यातल्या वकिलाला. पुढे कधी कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटून आलेल्या मुलाला कुठे कामाला लावायचं हा प्रश्न पडतो, तेव्हाही घरचे त्याच माणसाकडे येतात. हे मार्गदर्शन त्या माणसासाठी आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. पीडिताला उपचार, वकील, तपासाची माहिती आणि नुकसानभरपाई मिळण्याची सोय त्यांत आहे. पहिल्यांदाच चुकलेल्याला तुरुंगाबाहेर ठेवून सुधारण्याच्या वाटाही आहेत. प्रत्यक्षात यातलं बरंचसं वाया जातं, आणि कारण दोन्हीकडे एकच असतं: वेळेवर अर्ज करणारा, त्याची पोच घेणारा आणि पुढची तारीख लक्षात ठेवणारा कुणी नेमलेला नसतो. म्हणून पहिल्याच दिवशी एक माणूस ठरवा. चार जण मिळून मदत करतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने केलं असेल.

त्या माणसाने एक वही ठेवावी. एफआयआरचा क्रमांक व तारीख, पोलीस स्थानक, लावलेली कलमं, तपास अधिकाऱ्याचं नाव व फोन, इस्पितळातला मेडिको-लीगल (पोलीस प्रकरण म्हणून केलेल्या) नोंदीचा क्रमांक, कोर्ट व पुढची तारीख, दिलेल्या प्रत्येक अर्जाचा आवक क्रमांक, एवढं तिच्यात असावं. घटनेची हकीकत मात्र तिच्यात लिहू नका, फोनवर रेकॉर्डही करू नका. पीडिताने तुम्हाला सांगितलेलं आणि पोलिसांना सांगितलेलं यांत एका शब्दाचा फरक निघाला, तर उलटतपासणीत तोच विसंगती म्हणून पुढे येतो, आणि तुम्हीही साक्षीदार होऊन बसता. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. गावच्या व्हॉट्सॲप गटात नुसतं घराचं नाव किंवा वाडा लिहिला तरी लहान गावात ओळख पटते.

पहिले चोवीस तास

जखम असेल तर आधी इस्पितळ, मग पोलीस. उपचारासाठी एफआयआर लागत नाही. बलात्कार, ॲसिड हल्ला आणि बालकांवरचे गंभीर लैंगिक गुन्हे यांत सरकारी असो वा खासगी, प्रत्येक इस्पितळाने तातडीने मोफत उपचार द्यायचे असतात, आणि नकार देणं हा गुन्हा आहे. दारात कुणी ‘आधी पोलिसांकडून चिठ्ठी आणा’ म्हणालं तर वाद न घालता ११२ लावा आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहा. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ), म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ ही सोयीची ठिकाणं, कारण तिथे अशा नोंदींची सवय असते.

लैंगिक अत्याचारानंतर आंघोळ करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत. बदललेले कपडे कागदी पिशवीत ठेवायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि नमुना बिघडतो. आपल्या पावसाळ्यात तर हे काही तासांतच होतं. आंघोळ झालीच असेल तरी तपासणी टाळू नका, अंगावरच्या खुणांची नोंद तेवढ्यानेही होते. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली. या दोन्ही गोष्टी गर्दीत राहून जातात, तेव्हा तुम्ही नाव घेऊन विचारा. पोलिसांना माहिती मिळाल्यापासून २४ तासांत वैद्यकीय तपासणीसाठी पाठवायचं असतं, आणि तपासणी पीडितेच्या किंवा तिच्या वतीने संमती देऊ शकणाऱ्याच्या संमतीनेच होते. ‘टू फिंगर टेस्ट’ (योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी) सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. कुणी करू लागलं तर थांबवा.

तक्रार कुठल्याही पोलीस स्थानकात देता येते. कळंगुटची हद्द की हणजूणची, यावर पीडिताला फिरवणं आता चालत नाही. झिरो एफआयआर घेऊन ती योग्य स्थानकाला पाठवायची असते. संध्याकाळच्या गाडीने किंवा विमानाने परत जाणाऱ्या पर्यटकासाठी ही तरतूद फार मोलाची आहे. तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही केली तरच ती नोंदली जाते, आणि हे न कळल्याने तक्रारी हवेतच राहतात. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. ‘चौकशी चालू आहे’ असं उत्तर आलं तर ती कधी सुरू झाली ते विचारून वहीत लिहा. नोंद नाकारलीच तर तक्रार लेखी स्वरूपात जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्यानेही काम झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पण त्या अर्जाला ही पावती लागते.

आपल्याकडे एफआयआर बहुधा इंग्रजीत टाईप होते. सांगणारी कोकणी, मराठी किंवा कन्नड बोलते, लिहिणारा मनातल्या मनात भाषांतर करतो, आणि नेमकं तिथे निसटतं. सही करण्याआधी वाचून, अर्थ सांगून घेणं हा हक्क आहे. वाचताना चार जागा तपासा: वेळ नेमकी माहीत नसेल तर ‘सुमारे’ लिहिलंय का, ओळखीच्या माणसाऐवजी ‘अज्ञात इसम’ तर पडलं नाही ना, धमकीचे शब्द ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत आलेत का, आणि चोरी असेल तर मोबाईलचा आयएमईआय, गाडीचा इंजिन व चॅसी क्रमांक, दागिन्यांचं वजन आहे का. सोन्याचं पावती-वजन नसेल तर लग्नातला फोटो लावा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

बाईला, १५ वर्षांच्या आतल्या किंवा ६० वर्षांवरच्या माणसाला, अपंग वा गंभीर आजारी व्यक्तीला साक्षीसाठी पोलीस स्थानकात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. बलात्कार पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. बांधकामावर किंवा मासळीच्या धक्क्यावर काम करणाऱ्या परप्रांतीय बाईसाठी तिचं ‘घर’ म्हणजे ठेकेदाराची खोली असते आणि आरोपीही कधी तिथलाच असतो. तिथे जबाब नको. अशा वेळी सखी वन स्टॉप सेंटर उपयोगी पडतं. १८१ वर फोन केला की जवळचं कुठलं ते सांगतात. तिथे पाच दिवसांपर्यंत राहायची सोय, समुपदेशन आणि वकील अशा गोष्टी एकाच छताखाली मिळतात.

नवऱ्याकडून किंवा सासरकडून छळ होत असेल आणि बाईला लगेच फौजदारी तक्रार नको असेल, तरी २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली राहायचा हक्क, खर्ची आणि संरक्षण आदेश मागता येतो. तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण याची चौकशी गटविकास अधिकारी कार्यालयात किंवा महिला व बाल विकास संचालनालयात करा.

ऑनलाइन फसवणुकीत सगळं मिनिटांवर असतं. आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक, मग बँक, मग पोलीस. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेच्या संदेशात येणारा संदर्भ क्रमांक), रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा, म्हणजे पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येतात. गोठवलेले पैसे आपोआप परत येत नाहीत; ते मागावे लागतात, आणि बहुधा त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो.

पीडित मूल असेल तेव्हा

गोव्याकडे २००३ चा स्वतःचा बाल कायदा आहे आणि स्वतंत्र बाल न्यायालय आहे. म्हणून एफआयआरमध्ये पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या केंद्रीय कायद्याची) कलमं आहेत तशी गोवा बाल कायद्याचीही लागू होतात का हे पहिल्याच दिवशी विचारा. शाळेतली बेदम मारहाण किंवा घरकामाला ठेवलेल्या मुलीचा छळ पोक्सोत बसत नाही, पण या कायद्यात बसू शकतो.

पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. जबाब मुलाच्या घरी, साध्या वेशात, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यायचा. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने आणि आईवडील किंवा तिच्या विश्वासातल्या माणसासमोर करायची. समितीकडे ‘सपोर्ट पर्सन’ नेमून मागा आणि ही मागणी लेखी करा. खटला संपेपर्यंत मुलासोबत राहणारा हा प्रशिक्षित माणूस असतो, आणि तो असला की कुटुंब मध्येच सोडून देण्याची शक्यता बरीच कमी होते. मुलगी शाळेत परत जात नसेल, घरातला कमावता माणूसच आरोपी असेल, खायची भ्रांत असेल, तर पोक्सो नियम २०२० प्रमाणे समिती अन्न, कपडे, प्रवास अशा निकडीसाठी तात्काळ रकमेची शिफारस करू शकते. ती रक्कम शिफारस पोचल्यापासून एका आठवड्यात द्यायची असते. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. काणकोण किंवा सत्तरीहून कोर्टात यायचं म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडते आणि प्रवासखर्च वर येतो. या रकमेने तेवढा तरी आधार होतो.

मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. तुम्हीही नाही, शाळेनेही नाही, आजीनेही नाही.

नुकसानभरपाई: निकालाची वाट पाहू नका

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून थोडं सविस्तर. भरपाई आरोपीकडून आणि तीही शिक्षा झाल्यावर मिळते, असा समज पक्का आहे. तो अर्धाच खरा आहे. दोषी ठरवताना न्यायालय दंडातून किंवा दंडाशिवायही भरपाई द्यायला लावू शकतं, हा एक मार्ग. त्याच्या बाजूला राज्याची पीडित भरपाई योजना आहे, आणि तिचा पैसा राज्य देतं. आरोपी सापडला नाही, ओळखला गेला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे थेट अर्ज करू शकतात. आरोपी सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. अर्ज आल्यावर चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची, असं कायदाच सांगतो. उत्तर आणि दक्षिण गोवा अशी दोन प्राधिकरणं जिल्हा न्यायालयाशी जोडलेली आहेत. कुठे जायचं कळत नसेल तर १५१०० हा विनाशुल्क क्रमांक लावा. गुन्हा जिथे घडला त्या जिल्ह्यात अर्ज करायचा. पीडित मूळची बेळगावची किंवा झारखंडची असली तरी फरक पडत नाही.

स्त्रियांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या योजनेत किमान आणि कमाल रकमा ठरवून दिल्या आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या देशभर लागू केल्या. बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख, मृत्यू झाल्यास ५ ते १० लाख, ॲसिडने चेहरा विद्रूप झाल्यास ७ ते ८ लाख रुपये. या योजनेत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा. उशिराचं योग्य कारण दिलं तर तो माफही होतो. अंतिम रक्कम ठरेपर्यंत अंतरिम मदत मागता येते, आणि खरी गरज पहिल्या दोन महिन्यांतच असते. म्हणून अर्जात ‘अंतरिम मदत’ हे शब्द वेगळ्या ओळीत लिहा.

अर्जाला काय जोडायचं? एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद आणि औषधांची बिलं, आधार किंवा दुसरी कुठली ओळख, बँक पासबुकाचं पहिलं पान, बुडालेल्या कमाईचा काही पुरावा, आणि मृत्यू असेल तर मृत्यूचा दाखला व अवलंबितांची नावं. एखादा कागद नाही म्हणून अर्ज घरी ठेवू नका. असेल तेवढं जोडून द्या, उरलेलं मागाहून सादर करतो असं लिहा आणि आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. मदत किती लागेल ते आकड्यांत मांडा. ‘कुटुंब हलाखीत आहे’ या वाक्यापेक्षा ‘महिन्याला इतकं खोलीचं भाडं, औषधांना इतके, दोन महिने कामाला जाता आलं नाही’ हे वाचणाऱ्याला उपयोगी पडतं. वाढवून लिहू नका. दावा खोटा ठरला तर दिलेली रक्कम परत वसूल होऊ शकते.

मंजूर झालेला पैसा अडतो तो बँकेत. आधारवर एक नाव आणि पासबुकात दुसरं, लग्नाआधीचं आणि नंतरचं, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. अर्ज करतानाच दुरुस्ती सुरू करा. पूर्ण केवायसी नसलेलं छोटं जनधन खातं असेल तर त्यात ५० हजारांहून जास्त शिल्लक राहत नाही आणि वर्षाला एक लाखाहून जास्त जमा होत नाही, त्यामुळे रक्कम परत फिरते. आधी केवायसी पूर्ण करा. नवऱ्यासोबतचं जोडखातं देऊ नका, विशेषतः त्याच्याच विरुद्ध तक्रार असेल तर. स्त्रियांसाठीच्या या योजनेत साधारण ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षांसाठी मुदत ठेवीत जाते आणि २५ टक्के हाती येते. पीडित अल्पवयीन असेल तर ८० टक्के ठेवीत. शिक्षण किंवा उपचारासाठी ठेवीतली रक्कम लवकर हवी असेल तर प्राधिकरणाकडे कारणासह अर्ज करता येतो.

पीडित गावडा, कुणबी, वेळीप यांपैकी असेल, किंवा अनुसूचित जातीची असेल, आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची मदत स्वतंत्रपणे पाहा. गुन्ह्यानुसार ती ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे आणि टप्प्याटप्प्याने मिळते. त्यासाठी जमातीचा दाखला लागतो, म्हणून तो नसेल तर त्याच आठवड्यात काढायला टाका. गाडीने ठोकर देऊन पळून गेलेल्याचा पत्ताच लागला नाही, तर २०२२ च्या हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार आहेत.

खटला चालू असताना

तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. नव्वदावा दिवस वहीत खूण करून ठेवा. काही आलं नाही तर तपास अधिकाऱ्याला एका ओळीचं पत्र द्या.

सरकारी वकील राज्याचा असतो, पीडिताचा नव्हे. पीडिताला त्याच्या मदतीला आपला वकील देता येतो. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तो विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न ठेवता मोफत मिळतो. जामिनाच्या सुनावणीत पीडिताचं म्हणणं ऐकलं जाण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला आहे. तिथे ‘जामीन देऊ नका’ एवढंच सांगून भागत नाही. आरोपी कुठे राहतो, पीडितेचा कामाला जायचा रस्ता कोणता, धमकी कुणी आणि कधी दिली हे सांगा, आणि जामीन द्यायचाच तर गावात येऊ नये, फोन करू नये अशा अटी मागा. नेमकी अट असेल तर ती मोडल्यावर जामीन रद्द करून मागता येतो.

धमक्या येत असतील तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा; पोलिसांनी धोक्याचा अहवाल साधारण पाच कामकाजी दिवसांत द्यायचा. घराभोवती गस्तीपासून पडद्याआडून साक्षीपर्यंत बरंच काही मागता येतं. मात्र प्रत्येक धमकीची वेगळी नोंद पोलिसांकडे झालेली हवी. ‘नेहमीच धमकावतात’ या वाक्यावर अहवाल लिहिता येत नाही.

चोरीला गेलेली स्कूटर पोलीस स्थानकाच्या अंगणात गंजत पडू देऊ नका. मुद्देमाल परत मिळण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. फोटो-पंचनामा करून आणि हमी घेऊन वस्तू मालकाला देतात. आरसी किंवा खरेदीची पावती, विमा आणि ओळखपत्र बरोबर न्या. रेंट-अ-बाईकचा धंदा असलेल्यांचं तर एक गाडी अडकली तरी हंगामाचं गणित कोलमडतं.

आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तर पीडिताला स्वतः अपील करता येतं. निकालाची प्रत त्याच दिवशी मागा.

एक विनंती. प्रकरण गावातच मिटवण्याची घाई करू नका. शेजाऱ्यांच्या भांडणात, किरकोळ मारहाणीत तडजोड न्यायालयासमोर कायद्याने होऊ शकते आणि कधी तीच चांगली असते. बलात्कार आणि पोक्सोचे गुन्हे मात्र तडजोडीचे नाहीतच. देवळात किंवा पंचाच्या घरी घेतलेल्या शपथेने मुलीवरचा दबाव फक्त वाढतो, आणि पुढे तीच फितूर ठरते.

आता दुसरी बाजू: पहिल्यांदाच अडकलेला

कुणाला वाटेल, पीडितांबद्दल बोलता बोलता आरोपीची बाजू कशाला? कारण अठरा-वीस वर्षांच्या मुलाला पहिल्या चोरीसाठी कोलवाळला काही महिने ठेवलं, तर तो बाहेर येतो तेव्हा नोकरी गेलेली असते आणि ओळखी नव्या झालेल्या असतात. पुढचं घर फोडलं जातं ते अशा मुलाकडूनही.

१८ च्या आतल्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपली नाही तर ती बंद होते. मंडळापुढे येणारा सामाजिक अहवाल निर्णायक असतो. मूल शाळेत कधीपासून जात नाही, घरात दारू आहे का, दुपारी ते कुठे असतं, हे शिक्षकांकडून आणि घरून मिळवून परिवीक्षा अधिकाऱ्याला (हा अहवाल लिहिणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरला) द्या. बाल न्याय कायद्यात दोष सिद्ध झाल्याने नोकरीला अपात्रता येत नाही, अपवाद फक्त गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या १६ वर्षांवरच्यांचा. सरकारी अर्ज भरताना मुलं घाबरून चुकीचं लिहितात, तेव्हा त्यांना हे आधीच सांगा.

१८ च्या पुढे १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा आहे, ज्याला कोर्टात सगळे प्रोबेशन म्हणतात. मरणाची किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावरही न्यायालय शिक्षा न देता तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडू शकतं. २१ वर्षांच्या आतल्याला तुरुंगात पाठवायचं तर न्यायालयाला कारण लिहावं लागतं. असं सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे अपात्रता लागत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. आणि याच कायद्याखाली न्यायालय त्याला पीडिताला भरपाई द्यायला लावू शकतं. वकिलाला हे आवर्जून सुचवा, कारण चोरीस गेलेले आठ हजार हप्त्याने परत येण्यात ज्याचं घर फुटलं त्याचंही भलं आहे.

परिवीक्षा अधिकाऱ्याला द्यायचं पत्र लिहिताना ‘सदर इसम सुस्वभावी आहे’ या छापाचं लिहू नका. कुठल्या गॅरेजमध्ये किती पगारावर घेणार, कोणाच्या घरी राहणार, दर आठवड्याला कोण भेटणार, हे नावानिशी लिहा. मालकाचं पत्र लेटरहेडवर असावं आणि अधिकाऱ्याने फोन केला तर त्याने उचलावा.

नव्या संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल तर ती मिळते. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालणाऱ्यालाही देता येते. पंचायतीने किंवा सरकारी इस्पितळाने काय काम देता येईल, देखरेख कोण करील, हजेरीपट कोण भरील, हे आधी लिहून ठेवलं असेल तर वकिलाला न्यायालयापुढे ठेवायला काहीतरी असतं. पीडिताच्या घरासमोरचं काम देऊ नये, आणि अपमान होईल असंही नको.

किनारपट्टीवर अमली पदार्थांची प्रकरणं येतात. इथे प्रोबेशन जवळजवळ बंद आहे, पण स्वतः सेवन करणारा आणि अल्प प्रमाणात पकडला गेलेला व्यसनी उपचार घ्यायला तयार असेल तर एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या कलम ३९ खाली न्यायालय त्याला उपचारासाठी सोडू शकतं. वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल द्यावा लागतो. बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत उपचार आधीच सुरू केला असेल तर मागणीला वजन येतं. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे.

जामीन मिळूनही आत राहिलेले कच्चे कैदी ही दुसरी गोष्ट. जामिनाचा हुकूम होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृहाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. जामीनदार नाही, एवढंच कारण असेल तर अटी सौम्य करून मागता येतात. २०२३ च्या गरीब कैदी योजनेत जामिनासाठी आणि दंड भरण्यासाठी मदत आहे, मात्र एनडीपीएससारख्या काही कायद्यांच्या प्रकरणांत ती लागू नाही. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. मरण वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले मात्र यातून वगळलेत. परप्रांतीय मजुराचा नातेवाईक इथे कुणी नसतो, त्यामुळे त्याच्या तारखा कुणी मोजत नाही.

कोलवाळहून घरी

सुटकेची तयारी सुटकेआधी दोन-तीन महिने सुरू करावी लागते. आधार हरवलं आहे का, बँक खातं निष्क्रिय झालं आहे का, रेशन कार्डावरून नाव कमी झालं आहे का, वाहन परवान्याची मुदत संपली आहे का, हे भेटीच्या दिवशी विचारून घ्या. आत केलेल्या कामाची मजुरी खात्यात किती आहे तेही विचारा. आत सुरू असलेलं औषध, विशेषतः मानसिक आजाराचं किंवा क्षयाचं, बाहेर येताना किमान दोन आठवड्यांचं आणि चिठ्ठीसह हातात असावं. औषध तुटलं की घरात पहिल्याच आठवड्यात तणाव होतो.

कामाचा विचार ऋतू पाहून करा. ऑक्टोबरात सुटणाऱ्याला हॉटेलात, शॅकवर, बांधकामावर काहीतरी मिळतं. जूनमध्ये सुटणाऱ्याला शॅक मोडलेले असतात, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंदी असते, आणि पावसाने बांधकामही मंदावतं. अशा माणसासाठी गॅरेज, बेकरी, लाँड्री, शेती किंवा गोदाम यांतलं काम मे महिन्यातच बोलून ठेवा. मालकापासून गुन्हा लपवू नका. पोलीस पडताळणीत तो कळतो आणि मग तीच नोकरी जाते. काय झालं, शिक्षा पूर्ण झाली आणि आता जबाबदारी कोण घेतो, हे मालकाला तीन वाक्यांत सांगा. दारूमुळे गुन्हा घडला असेल तर बारचं काम घेऊ नका, पगार जास्त असला तरी.

राहायला कुठे जाणार, हे पीडित कुठे राहते ते पाहून ठरवा. एकाच वाड्यावर दोघांची घरं असतील तर पहिले काही महिने मामाकडे, काकांकडे, दुसऱ्या तालुक्यात ठेवा. पॅरोलवर येणाऱ्यालाही हेच लागू आहे. पीडिताला मात्र तो सुटणार हे आधी कळलं पाहिजे, आणि तेही बाजारात कुणाकडून नव्हे. तारीख कळली की तिला घरी जाऊन सांगा. तिच्याकडे तपास अधिकाऱ्याचा किंवा बीटवरच्या हवालदाराचा चालू नंबर आहे ना पाहा, आणि पूर्वी धमक्या आल्या असतील तर स्थानकाला लेखी कळवा. ‘त्याने माफी मागायला यावं का?’ असं तिला विचारू नका. तिने आपणहून म्हटलं, तरच आणि वकिलाशी बोलूनच पुढचं पाऊल टाका.

पहिला महिनाभर आठवड्यातून दोनदा त्याची गाठ घ्या, पुढे आठवड्याला एकदा. भेटीत उपदेश नको. कामाला गेला का, पैसे कुठे गेले, झोप लागते का, जुन्या मित्रांचे फोन येतात का, एवढं विचारा. प्रोबेशनवर असेल तर हजेरीची तारीख त्याच्या फोनमध्ये आणि तुमच्या वहीत, दोन्हीकडे असू द्या. एक हजेरी चुकली तर त्याच दिवशी त्याला घेऊन परिवीक्षा अधिकाऱ्याकडे जा. आठवडाभर लपून राहिला तर बंधपत्र मोडल्याचा अहवाल न्यायालयात जाऊ शकतो, आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा समोर उभी राहते.